चाळीस डिग्रीच्या वर

बिल मी जपून ठेवलं होतं,
गॅसच्या पुस्तकात, चार घड्या करून.
सव्वीस हजार. अक्षरी पन लिहिलं होतं,
म्हंजे मांगून कोनी नाई म्हनू नये.

दुकान यवतमाळले. काचेचं दार.
पोरगा तसा चांगला होता.
त्यानं कानाचं यंत्र डोळ्याजवळ नेलं,
फुंकलं, उलटं केलं,
म्हने, काकू, आतमधी ओल गेली.
ओल वॉरंटीत बसत नाई.

मी म्हटलं, बाबू, चैत सुरू आहे.
आमच्या गावात हिरीत ओल नाई,
ह्याईच्या कानात कुठून आली?
म्हने, घाम.

मंग त्यानं कार्ड काढलं.
बारीक अक्षरं, मुंग्याईची रांग.
बोट ठेवून वाचून दाखवलं:
चाळीस डिग्रीच्या वर वापरू नये.

म्हंजे होळीपासून मिरगापर्यंत
मानसानं बहिरं राहावं.
लग्नं सारी मुकी.
नातीचं नाव ठेवलं वैशाखात,
ते ह्याईले आखाडात सांगावं.

कंपनीचा नंबर फुकटचा होता.
पन यंत्र ज्याच्या नावानं, त्यानंच बोलावं लागते.
मी सांगतलं, बाई, त्याईले ऐकू येत नाई,
म्हनून तर यंत्र घेतलं.
ते म्हने, कृपया ग्राहकाला फोन द्या.
देल्ला.
हे खाटेवर बसले, फोन कानाले लावून,
अदबीनं मान हलवत.
हो, म्हने. हो. हो.
तक्रार बंद झाली. मेसेज आला,
आपले समाधान झाल्याबद्दल आभार.

बहिनीचा प्रज्वल हालंडात असते, थंडीच्या देशात.
तो म्हने, मावशी, इकडं दोन वर्सं
दुकानदाराची मान अडकलेली असते.
पहिल्या वर्सी वस्तू बिघडली
तर आपन काई सिद्ध करायचं नाई.
देल्ली त्या दिवशीच ते नासकी होती, असं धरतात.
नोती, हे दुकानदारानं दाखवावं.
कार्डावर काईही लिहिलेलं असो.

फोन ठेवला तरी मी तिथंच बसून.
पुरावा आपन द्यायचा नाई.
ज्वारी निवडता निवडता ते आठवे
अन् सुपातला हात थांबे.

कारन ह्याईचे कान काई घरून बिघडून नोते गेले.
एकतीस वर्सं जिनिंगमधी.
रेच्याईचा आवाज असा का
घरी जेवतानाई हे वरडून भाजी मांगत,
शेजारचे समजत, भांडन झालं.
मी गेली होती तवा साहेबाकडं.
म्हने, जिनिंगनंच गेले कशावरून?
वय झालं असंन. कागद आना.
कानाचं बिल कुठून आनावं?

तालुक्याच्या वकीलबाई म्हनाल्या,
आपल्याकडंई कायदा आहे, जिल्ह्याले आयोग आहे,
एवढ्या रकमेले फी नाई लागत.
केला अर्ज. बिल, कार्ड, तीन तीन झेरॉक्स.
खाली मी एक ओळ आपल्या हातानं जोडली.
बाईनं खोडली. मी परत लिहिली:
विकलं तवा तुमाले ठाव होतं ना,
आमी कुठं राह्यतो.

तारीख पडली आहे पुढच्या महिन्याची.
ते झाली का आनखी एक पडंन.
यंत्र सद्या तांदळाच्या डब्यात,
ओल सुकावी म्हनून.
कधी रात्री आपोआपच चालू होते,
कुईं कुईं करते, पिलावानी.
हे घोरत राह्यते.
मी उठते,
झाकन घट्ट लावते.