फाइल म्हणून पाठव

फोटो म्हणून नको, फाइल म्हणून पाठव,
हे मी झ्मित्सेरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
फोटो म्हणून पाठवलास तर अ‍ॅप तो दाबतं,
पिळतं, हलका करतं,
आणि पिळताना आधी तेच गळतं
जे आपण लपवलेलं असतं.

तसं त्यात अवघड काही नाही.
प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा, निळा,
प्रत्येकाला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत आकडा.
एकशे बेचाळीसचा एकशे त्रेचाळीस केला
तरी बीट तेवढंच लाल दिसतं,
सीमेवरचा शिपाईही त्याला बीटच म्हणतो.
अशा न दिसणाऱ्या फरकांत
चौदा माणसं आरामात मावतात,
आडनाव आधी, मग नाव, मग कोठडी.

निरभ्र आभाळ नको, असंही सांगितलं होतं.
ताजा बर्फ नको, चुना दिलेली भिंत नको,
सपाट जागी लबाडी उठून दिसते.
खरखरीत काहीतरी घे.
गवत, झाडाची साल, लोकर.

त्याने आईचा स्वेटर घेतला.

ह्रोद्नाच्या त्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत
तिला बसवून म्हणत असेल, हलू नकोस गं.
मी इकडे ब्यालिस्तोकला
बेकरीची रात्रपाळी संपवून
कणीक लागलेल्या बोटांनी फाइल उतरवायची,
पासवर्ड टाकायचा,
आमच्या परसातल्या सफरचंदाची जात, उलटी लिहिलेली,
आणि वाचायची.
हाय्दुकेविच, युझेफ. चौथी कोठडी. चष्मा काढून घेतलाय.
क्रुक, स्तानिस्लावा. अजून पत्र नाही.
यादी दुपारपर्यंत वकीलबाईंकडे.
फोटो फोल्डरमध्ये पडून राहायचा,
दाणा काढून घेतलेल्या टरफलासारखा.

फेब्रुवारीत त्याने घाईत फोटो म्हणूनच पाठवला.
प्रोग्रॅम म्हणाला, यात काही नाही.
तीनदा विचारलं. तीनदा काही नाही.
मग दुसरं करण्यासारखं काही उरलं नाही
म्हणून मी फोटो बघितला.

खुर्चीवर स्वेटर.
स्वेटरात कोणी नाही.

एक्केचाळीस टरफलं ओळीने उघडली.
नवव्यात गुंड्या एकेक घर चुकलेल्या.
सोळाव्यात बाही दोनदा दुमडलेली,
आधी एकदाच दुमडायची.
तेविसाव्यात मे महिना, खिडकी उघडी,
आणि डोक्याला गच्च रुमाल.
अठ्ठाविसाव्यात शेपूच्या जुडीमागे एक बाटली,
लेबल भिंतीकडे फिरवलेलं.
कोणी फिरवलं?

सगळ्या फोटोंत ती खिडकीबाहेर बघते.
चौतिसाव्यात नाही.
चौतिसाव्यात ती सरळ माझ्याकडे बघते आहे,
आणि मला आठवतं, त्या दिवशी मी
तिच्या खांद्यावरून, तिच्या गालातून
एकोणीस नावं उपसून काढली होती
आणि खूश होते,
एकही अक्षर खराब झालं नव्हतं म्हणून.

दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
इथे ती दृष्टीसमोरच होती,
तीन हजार बाय चार हजार.

एक ओळ लिहिली त्याला. कशातही न लपवता.
आई कुठे आहे?

उत्तर सकाळी आलं.
फाइल म्हणून, शिकवलं होतं तस्सं.
सफरचंदाच्या झाडाची साल, अगदी जवळून.

पासवर्ड अजून टाकलेला नाही.
सालीवर एकाच बाजूला शेवाळं आहे.
डावीकडे खिळा, त्यावर दोरीचा तुकडा,
तिची कपडे वाळत घालायची दोरी असणार.
खाली कोपऱ्यात झ्मित्सेरच्या बुटाचं टोक.
बुटाला काळी माती,
फेब्रुवारीत, जमीन गोठलेली असताना.

थांब.
आधी एवढं बघून घेते.