बुडबुडे काढलेलं लेमोनेड

डंडीतला नोव्हेंबर. तापाचा तिसरा दिवस.
जिभेला पाणीसुद्धा कडू.
मेतकुटाची बरणी उघडून हुंगली,
काही नाही. झाकण लावलं.

खालच्या मजल्यावरचे मिस्टर डोइग
जिना चढून आले, मध्ये दोनदा टेकत.
हातात लेमोनेडचा ग्लास, ग्लासात काटा.
"रात्रभर उघडं ठेवलं, मग ढवळत बसलो.
एक बुडबुडा शिल्लक नाही बघ.
आमच्याकडे आजाऱ्याला असंच देतात."

मी हसणारच होते,
बुडबुडे गेल्यावर उरलं काय, साखरपाणी!
पण काटा ग्लासावर किणकिणत होता,
हात कापत होता त्यांचा,
आणि मला सुशाआत्या दिसली,
या पातेल्यातून त्या पातेल्यात
उंचावरून पेज ओतत निववणारी,
एक शीत न सांडता.

घोट घोट प्याले. कोमट. गुळमट.

सोमवारी त्यांच्या दाराशी दुधाची बाटली तशीच.
मी कुकर लावला. आसट भात, तूप,
वर मेतकूट, अंदाजानेच.
दार किलकिलं झालं. "हे पिवळं काय?"
"औषध नाही," म्हटलं.
चमच्याच्या टोकावर घेऊन त्यांनी चाखलं,
बराच वेळ विचार केला.
"मीठ विसरलीस."

खरंच विसरले होते.
माझी जीभ अजून आलीच नव्हती जागेवर.