ख च्या जागी फुली

शुक्रवारी पाणीखात्यात साबा येऊन गेला,
पेन ड्राइव्ह गळ्यात, गालात सूर्यफुलाच्या बिया.
म्हणाला, सोमवारी सगळं नवीन मिळेल.
जुन्याचा कंटाळा आलाय असं
आम्ही कुणाला कधी म्हटलं होतं?

सोमवारी कुताइसीत धुकं. पुलावरून येताना
रिओनी दिसली नाही, नुसती ऐकू आली.
आत सात संगणक, सातही निळे,
सातही सांगत होते : थोडं थांबा, तयारी चालू आहे.
कसली, ते सांगेनात.
लग्नाची म्हणावी तर वऱ्हाड आम्हीच,
कोट न काढता उभे.
बारा टक्के. बारा टक्के. चहा. एकोणीस.
मग अठ्ठ्याण्णववर जाऊन जे बसलं ते बसलं,
रुसलेल्या जावयासारखं.

साडेअकराला उघडलं.
'छापा'चं बटण तीन घरं आत राहायला गेलं होतं,
'जतन करा' म्हटलं की विचारायचं : कुठल्या ढगात?
तेही चाललं असतं.
पलंग हलवलेल्या खोलीत माणूस दोनदा ठेचकाळतो,
तिसऱ्यांदा अंधारातही नीट झोपतो.
पण नावं.

अठरा हजार घरांची नावं,
कुणाच्या तरी चुलतभावाने फुकट दिलेल्या
एका जुन्या फॉन्टात टाइप केलेली.
नव्या यंत्राची त्या फॉन्टशी ओळख नाही.
आमची गोल अक्षरं, वेलीच्या तणाव्यांसारखी,
एका शनिवार-रविवारात रोमन झाली,
नावाच्या पोटातच एखादं फुगून मोठं,
आणि जिथे जिथे ख होता
तिथे फुली.

तिबिलिसीहून फोनवर तज्ज्ञ, उंटावरचा.
बंद करून चालू केलंत?
केलं.
मग चालू करून बंद करा.

तेवढ्यात ख्विचिया म्हातारा आला पाणीपट्टी भरायला.
मी पडदा त्याच्याकडे वळवला. वळवायला नको होता.
पहिल्याच अक्षरावर बोट ठेवून म्हणाला,
बाद्री, मला खोडलंत?
नाही हो काका, ही मशीनची चूक.
माझा भाऊ गेला, मी नाही. त्याचं नाव बघ.
बघितलं. त्यालाही फुली.
मान हलवून म्हणाला, हे बरोबर आहे.

मग लमारा उठली.
मार्चपासून तिला सांगत होते की जूनपर्यंतच,
नव्या प्रणालीला इतके हात लागत नाहीत.
चष्मा काढला, डोळे मिटले,
म्हणाली, काय दिसतंय ते वाच, एकेक अक्षर.
मी वाचलं. तिने बोटं हवेत चालवली,
समोर नसलेल्या कळफलकावर,
आणि म्हणाली : गेलोवानी, मुर्ताझ. तिसरा मजला. नळ गळतो.
पुढचं.
साबाच्या गालातल्या बिया थांबल्या.
त्याने वही काढली.
कुठल्या बटणावर कोण राहतं, एवढंच विचारत गेला,
ती डोळे न उघडता सांगत गेली.
आमची अक्षरं तेहतीसच. वीस मिनिटं लागली.
नंतर एकदा कळ दाबली
आणि अठरा हजार माणसं आपापल्या नावात परत आली.

पुलाजवळच्या 'लक्स' हॉटेलचं नाव तेवढं
मुळातच रोमन होतं. त्यातल्या फुलीचाही ख झाला.
त्यांना अजून लुख नावाने बिल जातं.
ते भरतात.

तिबिलिसीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं,
त्यात साबाचं नाव होतं, माझंही होतं,
का, ते कळलं नाही.

आता कोपऱ्यात रोज एक चौकट उगवते :
नवी आवृत्ती आली आहे. आत्ता, की नंतर?
मी नंतर म्हणतो. भीक नको, कुत्रं आवर.
ती रात्रभर थांबते, सकाळी पुन्हा विचारते.

लमारा जूनमध्ये गेली.
तिच्या खुर्चीवर आम्ही प्रिंटर ठेवलाय,
तो या आवृत्तीत चालत नाही.