चौथी खिडकी

मासळीचा कारखाना बंद पडला त्याला एकोणीस वर्षं झाली.
दुसऱ्या मजल्यावरची चौथी खिडकी माझी होती,
म्हणजे तिच्याखाली उभी राहून मी कॉडची कातडी सोलायचे
आणि काचेपलीकडे, बोटभर रुंद कठड्यावर
तीही उभी असायची, क्रिक्ये,
पंखांची टोकं नुकतीच दौतीत बुडवल्यासारखी काळी,
आमच्या पाळीतली
कधी हजेरी न लावलेली बाई.

आता रस्त्यावर उभी राहून मी तिचे फोटो काढते.
कॅमेरा जुना, ट्रोम्सोहून मागवलेला.
लेन्सचं वजन नातू जन्मला तेव्हाच्या त्याच्याएवढं.
मार्चमध्ये, उणे अकरात, बटण दाबायचं म्हणजे
आधी बोट कुठे आहे ते शोधायचं.

लांबून लोक येतात, जर्मन, डच.
किंग आयडर बदकं बघायला पैसे भरून
तरंगत्या खोपटात पहाटे चारपासून अवघडून बसतात.
विचारतात, तुम्ही इथल्याच, तुमच्याकडे खास काय आहे?
मी म्हणते, खिडकी.

ओडवारचं घर कारखान्याला लागून.
दर उन्हाळ्यात त्याच्या शिव्या:
रात्र म्हणून होत नाही, वर हा कलकलाट,
गाडीवर रोज पांढरा सडा!
त्याने पन्हळीवर खिळे ठोकले, जाळी ताणली,
छपराच्या कडेला प्लास्टिकचं घुबड बसवलं.
घुबडाच्या डोक्यावर एकीने घरटं बांधलं.
तो माझा सगळ्यात चांगला फोटो.
त्याला कधी दाखवला नाही.

मग तो जुलै.
आधी एक, बंदराच्या उतारावर, मान वाकडी.
मग पायऱ्यांवर, शाळेच्या पटांगणात, चर्चच्या दाराशी.
नगरपालिकेची पोरं पांढरे पोशाख घालून
चिमट्यांनी उचलून पिशव्या भरत होती.
त्यांत मार्गिटचा इंग्वाल्ड.
मास्कमागचा चेहरा दिसला नाही, खांदे दिसले.
चौथ्या खिडकीत एक पिल्लू होतं,
एकटं, चोच समुद्राकडे.
मी फोकस केला.
बटण दाबलं की नाही, आठवत नाही.
कार्डावर तरी काही नाही.

ऑगस्टमध्ये ओडवार दारात आला. बूट काढले नाहीत.
म्हणाला, झोप लागत नाही.
म्हणाला, एवढे फोटो आहेत तुझ्याकडे,
एखाद्यात आवाज नाही का?

मी कॉफी ठेवली. एकेक फोटो उघडत गेले.
उघडी चोच, आतला शेंदरी घसा,
पुन्हा उघडी चोच.
कमी ऐकू येणारा माणूस वाकतो
तसा तो पडद्याकडे वाकला होता.
घुबडाचा फोटो आला. मी घाईने पुढे सरकवणार,
तर त्याने मनगट धरलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला, हरामखोर.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

पूर्वी दोनशे चौदा घरटी होती.
यंदा, आतापर्यंत, एकतीस.
चौथी खिडकी रिकामी. काल ओडवार शिडीवर दिसला,
तोंडात खिळे धरून. वाटलं, झालं, पुन्हा सुरू.
तो घुबडाच्या डोक्यावर फळी ठोकत होता.
खाली उतरून म्हणाला, फार निसरडं होतं ते.

अजून कुणी बसलेलं नाही.
ट्रायपॉड लावून ठेवलाय.
बोट खिशात.