दोन वर्षांच्या आत

तेव्हा पिस्तूल अजून विकत मिळायचं.
आता नाही मिळत. ते असो.

अर्जात एक प्रश्न होता, बारीक टायपातला :
गेल्या दोन वर्षांत घटस्फोट,
नोकरी जाणं, दिवाळं, यांपैकी काही?
मी पेन टेबलावर ठेवलं.
यॉर्कटनला त्या रात्री उणे एकतीस होतं
आणि घरात बोलत होता तो फक्त फ्रीज.

'होय'वर खूण केली.
तपशिलाला जागा तीन ओळींची.
बावीस वर्षं तीन ओळींत बसवायची
म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं?
लिहिलं : भांडण नाही. ती रेजायनाला गेली.

त्याखाली तिची सही.
नसली तरी अडत नाही म्हणे,
फक्त मग तेच तिला परस्पर कळवतात.
ते नको वाटलं. पाकीट मीच पाठवलं.
आत चिठ्ठी घालावी की नाही, यात दोन दिवस गेले.
शेवटी पिवळ्या कपट्यावर :
नेमबाजीसाठी. क्लबात. खरंच.
'खरंच' खोडलं.
परत लिहिलं.

सही आली.
ग्वेनची तीच सही, शेवटचं अक्षर हातातून सुटल्यासारखं,
आडनाव मात्र माहेरचं.
आणि माझ्याच कपट्याच्या पाठीवर :
आधी डोळे तपासून घे, लॉर्न.

अठ्ठावीस दिवस तर थांबायचंच असतं.
पुढचे किती, ते कोणी सांगत नाही.
मी कर्लिंगच्या हॉलमध्ये बर्फ करत राहिलो,
रात्री, सगळे गेल्यावर,
पाठीवर पाण्याची टाकी, हातात झारी,
उलट पावलांनी चालत थेंब पेरायचे.
हे काम थांबणाऱ्या माणसाचंच आहे.
तिथेच एकदा फोन वाजला, सरकारी बाई :
झोप लागते का? राग येतो का?
म्हटलं, बर्फाला टेंगूळ आलं की येतो.
ती हसली नाही. टाइप करत राहिली.

मार्चमध्ये कार्ड आलं.
फोटोत मी असा दिसतो की
मीच मला परवाना दिला नसता.

दुकानात पॉइंट टू-टूचं एक निवडलं, जुन्या पद्धतीचं.
पैसे मोजले, पावती खिशात घातली,
आणि पिस्तूल काउंटरच्या पलीकडेच राहिलं.
परत अर्ज. परत वाट.
दुकानदार म्हणाला, येऊन बघत जा हवं तर.
दोनदा गेलो. काचेआड होतं,
मुठीला नावाची चिठ्ठी बांधलेली, पासिच्निक,
इस्पितळातल्या बाळाच्या मनगटाला असते तशी.

मग एका मंगळवारी :
घोड्याला कुलूप, पेटीला कुलूप,
पेटी गाडीच्या डिकीत, कागद वरच्या खिशात,
आणि दुकानातून थेट घर.
वाटेत कॉफीलासुद्धा थांबलो नाही.
प्रत्येक सिग्नलला वाटलं, मागच्या गाडीतल्या
त्या म्हाताऱ्याला दिसतंय सगळं.

क्लबात बर्निस ओकेमाऊ. पासष्टीची, कानावर लाल मफ,
आवाज असा की आधी पाय थांबतात, मग माणूस.
बोट बाहेर. नळी समोर. घाई कुणाला आहे?
दहा गोळ्या झाडल्या.
चार कागदाला लागल्या,
एक शेजारच्याच्या कागदाला.
शेजारच्यानं ती मोजून घेतली, आभार मानले.
बर्निस माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही.
मग म्हणाली :
डोळे कधी तपासलेस?

नवा चष्मा शुक्रवारी मिळेल.

कुलपाच्या दोन किल्ल्या आल्यात.
या घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली
कुठे असते, ते मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.
खिळ्यावर नको. ड्रॉवरमध्ये नको.
सध्या दोन्ही एकाच खिशात.
बर्फावर उलट चालताना
दोघी एकमेकींवर वाजतात.