अडतीस टक्के

हवल्लीच्या बाजारात, तळमजल्यावर,
जिथे ऑगस्टची धूळ बंद काचेखालूनही आत येते,
उस्ताद रागेबनी लॅपटॉप काउंटरवर आपटला नाही,
ठेवला. पण आपटल्यासारखा.
"खोटारडा आहे," म्हणाले,
"अडतीस टक्के दाखवतो आणि मरतो.
समीकरणाच्या मधोमध, पोरांसमोर."

मी सतरा वर्षं स्क्रू काढतोय.
कीबोर्डाखाली, कोपऱ्यात,
अंगठ्याच्या नखाएवढी एक काळी चिप असते.
सगळं यंत्र निजलं तरी ही जागी:
बटणावर कुणाचं बोट पडेल,
चार्जरची पिन कधी आत शिरेल,
पंख्याला कधी पळ म्हणायचं, कधी पुरे.
मोठ्या प्रोसेसरचं नाव खोक्यावर सोनेरी छापतात.
हिचं वाचायला मला भिंग लागतं.

आणि बॅटरीच्या पोटात दुसरी, हिची धाकटी जाऊ.
दोघींमध्ये दोनच तारा.
थोरलीने विचारायचं, किती उरलंय?
धाकटीने सांगायचं.
तिलाही डब्यात डोकावता येत नाही,
ते कुणालाच येत नाही.
ती उंबऱ्यावर बसते, दहा मिलिओहमच्या एका रोधकापाशी,
किती आलं, किती गेलं मोजते
आणि वजाबाकी करून आकडा पुढे सरकवते.
रोजची चूक कणभर.
तीन वर्षं कणभर.

"खोटं नाही बोलत, उस्ताद," मी मोडक्या अरबीत म्हणालो,
"हिशेब सुटलाय तिचा.
तुम्ही चार्जर कधी काढलाच नाहीत.
तळ पाहिलाच नाही, तर तळ कुठे आहे ते कळणार कसं?
एकदा पुरता रिकामा होऊ दे. रात्रभर ठेवा."

बू हमद दहाला शटर अर्धं ओढून गेले.
मोतालेब थर्मास ठेवून गेला, साखर जास्त.
मी लॅपटॉप सेटअपच्या निळ्या पडद्यावर आणला,
तिथे त्याला झोप म्हणणारं कुणी नसतं.
दर पाव तासाने मीटर लावून वहीत आकडा लिहिला.
बासष्ट.
एक्कावन्न.

सातला गुहागरहून फोन येऊन गेला होता.
कसे आहात?
बरा.
जेवलात?
हो.
दाढ ठणकतेय, मेचा पगार अजून अडकलाय,
खोलीतला जोडीदार रमजाननंतर गेला तो परतला नाही,
आणि मी, बरा.
सतरा वर्षांत हा आकडा हललेला नाही.

चव्वेचाळीस.

अडतीसला पडदा विझला.
मी श्वास धरून बसलो, तसं कारण काही नव्हतं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
पण आत कुठेतरी ती धाकटी
उरल्यासुरल्या चिमूटभर विजेवर
आपल्या वहीत लिहीत असणार:
तळ इथे.
मग मी चार्जर लावला, आणि काउंटरखाली पुठ्ठा पसरून
पहाटेच्या अजानपर्यंत पडून राहिलो.

अकराला उस्ताद आले.
"पूर्ण भरलाय," मी म्हटलं,
"पण हा पूर्ण पहिल्यापेक्षा लहान. दोन तास पुरेल."
"म्हणजे तुम्ही लहान केलात?"
"लहान झालेलाच होता. आता त्याला ठाऊक आहे."
तीन दिनार सांगितले, अडीच दिले,
जाताना दाराशी थांबून काहीतरी पुटपुटले,
कदाचित बॅटरीला, कदाचित मला.

संध्याकाळी सातला फोन.
कसे आहात?

मी उत्तराला वेळ लावला.
एवढा, की तिने दोनदा हॅलो केलं.
"दमलोय गं, हेमलता," म्हटलं. "बराच."

पलीकडे भांड्याचा आवाज, मग काहीच नाही.
मग ती म्हणाली,
"थांबा हं. फोन ठेवू नका.
दुधाखालचा गॅस बंद करून येते."