कुसरूड

मानेवर पुरळ, कोपरापर्यंत पुरळ,
उजवा डोळा सुजून बंद.
सोहारच्या बागेतून आणलेला माणूस
स्टुलावर बसला तोही अर्धाच.
डॉक्टर समीहा विचारतात, आधी अरबीत, मग मोडक्या हिंदीत:
काय चावलं?
चावलं नाही, लागलं, म्हणतो.
काय लागलं?
दोन्ही भाषांचे खिसे चाचपले त्यानं.
मग माझ्या छातीवरची पाटी वाचली, बेंडखळे,
आणि हळूच, सांडल्यासारखं म्हणाला,
कुसरूड.

अकरा वर्षं हा शब्द कानावर नव्हता.
सुरवंट पुस्तकातला, त्याचं पुढे काहीतरी चांगलं होतं.
कुसरूड म्हणजे वळीवर वाळणाऱ्या परकराच्या नाडीत दबा धरून बसलेलं,
आणि आईच्या हातातलं घोंगडीचं टोक,
चरचर, चरचर, रडू नको, कुसं निघतायत.
शब्द आला आणि माझंच मनगट खाजलं.

घोंगडी कुठली इथे. चिकटपट्टी घेतली,
मानेवर दाबली, ओढली, दिव्याखाली धरली.
दिसेल न दिसेल अशी सोनेरी कुसं.
कुठल्या झाडावर?
गाफ, म्हणाला शरफुद्दीन. आपली शमी हो.
दाभोळच्या खाडीपलीकडचा माणूस, मला शमी सांगत होता.
म्हटलं, मग बरोबर,
कुणाची तरी शस्त्रं अजून तिथेच राहिलीत.
तो हसला, डोळा दुखला, गप्प झाला.

जाताना काडेपेटी दिली.
आत एक कोश, स्वतःचेच केस उपटून विणलेला.

दहाव्या दिवशी कोश हलला. उघडला मात्र नाही.
बाहेरून आला तो नर,
भर अकराच्या उन्हात, भगवा, भिरभिरा,
खिडकीच्या जाळीला धडका देत.
मी जाळी सरकवली. का, ते विचारू नका.
तो कोश उसवून आत गेला.
आत ती. पंख नाहीत.
एक राखाडी, केसाळ, मऊ पोट,
कुठेही न जाणारं.

उपमा नको, असं मी स्वतःला बजावलं.
शिवाय आमच्यात उलटंच:
नवरा चिपळुणात, अंगण सारवून घेतो,
दुधाचा हिशेब फोनवर वाचून दाखवतो,
आणि उडालेली मी.

तिनं अंडी घातली. मोजायला बसले,
चौऱ्याऐंशीपर्यंत आले, तेवढ्यात बेल.
प्रत्येक अंड्याला स्वतःचा केस लावत होती.
मग ती सुकली, काडेपेटीत काडीसारखी.

शरफुद्दीन डोळा दाखवायला आला. बरा होता.
पेटी उघडली, वास घेतला, मिटली.
"रविवारी फवारणी आहे," म्हणाला,
"सगळ्या गाफांवर. वरून हुकूम."
आणि पेटी शर्टाच्या खिशात घातली,
ज्या खिशात तो ओळखपत्र ठेवतो.
कुठे नेतोस, मी विचारलं नाही.

रात्री पुन्हा मनगट.
दिवा लावून पाहिलं, काहीच नव्हतं.
तरी चादरीचं टोक घेतलं
आणि घासत बसले.